मॉर्फीनची खाज: ‘ॲलर्जी’ म्हणण्याआधी

टी. नरसीपूरला कावेरी आणि कपिला एकमेकींना भेटतात. म्हैसूरहून सुमारे 30 किलोमीटरवरचं हे तालुक्याचं गाव. नदीकाठी गुंजा नरसिंहस्वामींचं देऊळ, भोवती भाताची आणि उसाची शेतं. इथल्या कुणाला कर्करोग झाला की उपचारांची वाट म्हैसूरला जाते, नाहीतर थेट बंगळूरच्या किदवई कर्करोग संस्थेकडे. दुखणं साध्या गोळ्यांना दाद देईनासं झालं की मॉर्फीन सुरू होतं तेही तिकडेच. पेशंट गोळ्यांची पाकिटं घेऊन बसने घरी परततो. खाज सुटते ती मात्र घरी, आणि बहुधा रात्री, डॉक्टर 30 किलोमीटर लांब असताना.

आधी नाकाचा शेंडा, मग गाल, मान, छाती. घरचे अंगावर हात फिरवून बघतात, तर पुरळ नाही, गांधी नाहीत. तरी खाजवून खाजवून कातडी लाल झालेली असते. म्हैसूर-बंगळूर भागात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी भावसार आणि मराठा कुटुंबं आहेत. अशा घरात काय होत असेल याची कल्पना महाराष्ट्रातल्या कुठल्याही घराला करता येईल. ‘पित्त उठलंय’ म्हणून आमसुलाचं पाणी चोळलं जातं. ‘गोळी सोसत नाही बाबांना’ असं ठरतं आणि सकाळची गोळी चुकवली जाते. पुढच्या भेटीत कुणीतरी घाईत विचारतं, ‘कुठल्या औषधाची ॲलर्जी?’ घरचे सांगतात, ‘मॉर्फीनची.’ फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत तशी नोंद होते.

ही नोंद बहुतेक वेळा चुकीची असते आणि ती महागात पडते, म्हणून हा लेख.

महागात का पडते, ते आधी सांगतो. मॉर्फीन आपल्याकडे सहजासहजी हाती लागणारं औषध नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने, म्हणजे एनडीपीएसने, नशेच्या व्यापाराला लगाम घालताना इतके परवाने मागितले की रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणंच सोडून दिलं. 2014 च्या दुरुस्तीने ही गाठ थोडी सैल केली. मॉर्फीन, कोडीन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरवून देशभर एकच नियम आला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवण्याची मुभा मिळाली. तरीही कोपऱ्यावरच्या औषध दुकानात मॉर्फीन मिळत नाही. मुंबईत 1986 पासून शांती अवेदना सदन आहे, पुण्यात वारज्याला 1997 पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र आहे, म्हैसूरकडे स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंटचं काम आहे. अशा ठिकाणी पोचून, कागद पुरे करून जे औषध मिळालं, ते एका चुकीच्या शब्दापायी हातचं जातं. मग कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातला माणूस ट्रामाडॉलवर आणि पॅरासिटामॉलवर दिवस काढतो. हे मला फार क्रूर वाटतं.

आता खाजेकडे वळू. मॉर्फीनची खाज एकाच प्रकारची नसते. तिच्या दोन वाटा आहेत. एक कातडीतून निघते, दुसरी मज्जारज्जूतून. दोन्हींवरचे उपाय इतके वेगळे आहेत की एकीचं औषध दुसरीला दिलं तर गुण येत नाही.

कातडीतली वाट आधी पाहू. आपल्या त्वचेत, विशेषतः बारीक रक्तवाहिन्यांच्या आसपास, मास्ट पेशी असतात. त्यांच्या पोटात हिस्टामाइनचे कण भरलेले असतात. शिंगाड्याचं पीठ किंवा मधमाशीचा डंख न सोसणाऱ्या माणसात याच पेशी फुटून हिस्टामाइन बाहेर पडतं आणि अंगावर गांधी येतात. खऱ्या ॲलर्जीत त्याआधी शरीराने त्या पदार्थाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवलेली असतात. मॉर्फीनला या प्रतिपिंडांची गरज लागत नाही. ते मास्ट पेशीला थेट डिवचतं. पहिल्याच डोसला, ज्याने आयुष्यात मॉर्फीन पाहिलेलं नाही अशा माणसातही, हिस्टामाइन सुटू शकतं.

हे डोळ्यांनी बघता येतं. हाताच्या शिरेतून मॉर्फीनचं इंजेक्शन जरा वेगात दिलं, तर काही जणांत दोन-चार मिनिटांत त्या शिरेच्या मार्गावरच लालसर, किंचित फुगलेली रेघ उमटते. सुई टोचलेल्या जागेपासून ती कोपराकडे चढत जाते, खाजते, आणि तासाभरात पुसली जाते. दाब उत्तम, श्वास ठीक, पेशंट बोलतोय. नवशिकी नर्स घाबरते, जुनी सिस्टर इंजेक्शन पातळ करून सावकाश देते आणि रेघ उमटत नाही. ॲलर्जी असती, तर वेग कमी करून ती टळली नसती. ॲलर्जी तपासणाऱ्या दवाखान्यांत तर या गुणाचा उपयोगच करून घेतात. कातडीवर टोचून चाचणी करताना ‘या माणसाची त्वचा प्रतिसाद देते आहे ना’ हे पाहण्यासाठी हिस्टामाइनचा थेंब वापरतात, आणि काही ठिकाणी त्या जागी कोडीनचा. कोडीनने जवळजवळ प्रत्येकाच्या कातडीवर गांध येते, म्हणूनच ते या कामाला चालतं.

मॉर्फीन मास्ट पेशीला नेमकं कुठे धरतं, हे कळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. 2015 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी दाखवलं की मास्ट पेशींवर एमआरजीपीआरएक्स2 नावाचा एक ग्राही (रिसेप्टर) असतो आणि अनेक औषधं प्रतिपिंडांशिवाय त्याच्यामार्फत पेशी फोडतात. 2017 मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या एका गटाने मॉर्फीन आणि कोडीन त्याच ग्राहीला चेतवतात हे पुढे आणलं. दुखणं शमवणारा ग्राही वेगळा, त्याचं नाव म्यू. म्हणजे वेदना थांबवणं आणि गांधी उठवणं ही दोन कामं मॉर्फीन दोन वेगळ्या दारांतून करतं. मॉर्फीन, कोडीन, पेथिडीन ही या बाबतीत खोडकर औषधं. फेंटानिल तसं नाही, त्याने रक्तातलं हिस्टामाइन वाढत नाही. त्यामुळे मॉर्फीनने गांधी उठणाऱ्या पेशंटला डॉक्टर फेंटानिलवर नेऊ शकतात, आणि दुखण्यावरचा उपचार चालू राहतो. मॉर्फीनने सुटणाऱ्या हिस्टामाइनमुळेच काहींचा चेहरा आणि मान तांबूस होते, गरम वाटतं. ही लाली सहसा डोसानंतर लगेच येते आणि ओसरते.

दुसरी वाट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि मला ती अधिक विलक्षण वाटते.

सिझेरियनच्या वेळी पाठीच्या मणक्यात भुलीचं इंजेक्शन देतात. अनेक रुग्णालयांत त्या भुलीच्या औषधात अगदी थोडं मॉर्फीन मिसळतात, एका मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. तेवढ्यावर टाके दिवसभर फारसे दुखत नाहीत. पण प्रसूती वॉर्डात दोन-तीन तासांनी जाऊन पाहिलं, तर बाळंतीण बाळ कुशीत घेऊन पडलेली असते आणि मोकळ्या हाताच्या मागच्या बाजूने नाक घासत असते. थोड्या वेळाने पुन्हा, मग गाल, मग कपाळ. तिची सासू विचारते, ‘सर्दी झाली का गं?’ सर्दी नसते. मणक्यातून मॉर्फीन मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींना अशी खाज सुटते असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे, आणि बाळंतिणींमध्ये हे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. कातडी पाहावी तर स्वच्छ. गांध नाही, लाली नाही. रक्तात हिस्टामाइनही वाढलेलं नाही.

हिस्टामाइन न सोडणारं फेंटानिल मणक्यात दिलं तरी अशीच खाज येते, फक्त लवकर संपते. यावरूनच कळतं की मामला कातडीचा नाही. एव्हिल किंवा सेट्रिझिन देऊन ही खाज जात नाही, कारण ज्या हिस्टामाइनला ती औषधं अडवतात ते इथे नसतंच. एव्हिलने गुंगी येऊन आई झोपते, म्हणून गुण आल्यासारखं वाटतं एवढंच.

मग खाज येते कुठून? आपल्या मज्जारज्जूत खाजेचे संदेश मेंदूकडे नेणाऱ्या वेगळ्या चेतापेशी आहेत. 2011 मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या झोउ-फेंग चेन यांच्या गटाने उंदरांवर दाखवलं की मॉर्फीन या खाज-पेशींवरच्या एका विशिष्ट म्यू ग्राहीला पकडून खाज चालू करतं, आणि तो मार्ग अडवला तर खाज थांबते पण वेदनाशमन तसंच राहतं. 2021 मध्ये वेगळ्या गटाने आणखी एक धागा उकलला. मज्जारज्जूत काही पेशी एरवी खाजेच्या संदेशांवर पहारा देतात, डायनॉर्फिन नावाचं द्रव्य सोडून. मॉर्फीन या पहारेकऱ्यांना झोपवतं, आणि खाजेच्या पेशी मोकाट सुटतात. दोन्ही स्पष्टीकरणांपैकी माणसात कुठलं किती खरं, यावर अजून काम चालू आहे. पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे: ही खाज म्यू ग्राहीमार्फतच येते.

म्हणून उपायही तिथेच. म्यू ग्राहीला थोडंसं अडवणारं औषध अगदी कमी मात्रेत दिलं तर खाज उतरते आणि वेदनाशमन टिकतं. नॅलॉक्सोन अतिशय कमी मात्रेत हे करतं, पण मात्रा जरा वाढली की दुखणं परत येतं. नाल्बुफिन जास्त सोयीचं. ते म्यूला अडवतं आणि शेजारच्या कप्पा नावाच्या ग्राहीला चेतवतं. कप्पा चेतला की खाज शमते. म्हणजे ओपिऑइड, अर्थात मॉर्फीनसारख्या औषधांना धरणाऱ्या, ग्राहींच्या एकाच कुटुंबातला एक ग्राही खाज आणतो आणि दुसरा ती घालवतो. याच ज्ञानातून डायालिसिसवरच्या रुग्णांच्या जीवघेण्या खाजेवर औषधं निघाली: जपानमध्ये 2009 साली नाल्फुराफिन, आणि अमेरिकेत 2021 मध्ये डायफेलिकेफालिन, दोन्ही कप्पाला चेतवणारी.

टी. नरसीपूरला गोळी खाऊन खाजणाऱ्या बाबांची खाज यांपैकी कुठल्या वाटेची? तोंडाने मॉर्फीन घेणाऱ्यांत खाज तशी कमीच जणांना होते, आणि दोन्ही वाटा थोड्याथोड्या मिसळलेल्या असू शकतात. अंगावर गांधी आहेत की नाहीत, हे पाहणं म्हणूनच मोलाचं. बऱ्याच जणांची खाज काही दिवसांत आपणहून उतरते. तोवर डॉक्टरांना फोन करून विचारावं, गोळी परस्पर बंद करू नये. गांधी नसतील तर ॲलर्जीच्या गोळ्यांनी फार काही साधत नाही. आणि इथे एक धोका आहे, तो ठळकपणे सांगायलाच हवा. एव्हिल, क्लोरफेनिरामिन, हायड्रॉक्सिझिन यांसारख्या गुंगी आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्या मॉर्फीनबरोबर दिल्या, तर दोन्हींची गुंगी एकमेकींत मिळते. आधीच अशक्त, वयस्कर पेशंटचा श्वास मंदावू शकतो. घरात उरलेली एव्हिलची गोळी रात्री दोन वाजता देऊ नये. द्यायचीच असेल तर कमी गुंगी आणणारी कुठली आणि किती, हे डॉक्टर सांगतील.

खाजेचं कारण मॉर्फीन सोडून दुसरं असण्याची शक्यताही कर्करोगात बरीच असते. यकृतात गाठ असेल, पित्तनलिका दबली असेल, तर कावीळ होऊन तळहात-तळपाय खाजतात, आणि डोळे पिवळे दिसायला थोडा वेळ लागतो. मूत्रपिंड मंदावलं की दुहेरी त्रास. एक तर मूत्रपिंडाच्या आजाराची स्वतःची खाज, आणि त्यात मॉर्फीनचे शरीरात तयार होणारे अवशेष लघवीतून बाहेर पडत नाहीत, साठत जातात. खाजेबरोबर हातपाय अचानक झटके देत असतील, दिवसा झापड वाढली असेल, तर तो साठण्याचा इशारा आहे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायला हवं. वय झालेल्यांची कातडी कोरडी असते, तिला नुसतं खोबरेल लावूनही निम्मा आराम पडतो.

घामाबद्दल लोक तक्रारच करत नाहीत. उन्हाळ्यात म्हैसूरच्या सपाटीवर कुणाला घाम येत नाही? पण ओपिऑइड औषधांनी येणारा घाम वेगळा ओळखता येतो. पंखा चालू असताना, रात्री, उशी भिजेल इतका. मेथाडोन दीर्घकाळ घेणाऱ्यांत तो फार दिसतो, मॉर्फीन आणि ट्रामाडॉलनेही येतो. खाज ओसरते तसा तो दरवेळी ओसरत नाही. घामोळं, काखेतले आणि जांघेतले बुरशीचे चट्टे त्याच्या मागोमाग येतात, आणि सैल सुती कपडे, दोन वेळा अंग पुसणं, दुमडीच्या जागा कोरड्या ठेवणं यानेच बरंच सावरतं. घामाचं दुसरं टोकही लक्षात ठेवावं. गोळ्या संपल्या, बस चुकली, दोन डोस गेले, आणि घामाबरोबर अंगावर काटा येतोय, नाक गळतंय, जांभया थांबत नाहीत, पोटात मुरडा येतोय. हा औषधाचा दुष्परिणाम नव्हे, औषध अचानक तुटल्याचा परिणाम आहे. ‘खाज सुटली म्हणून बंद केलं’ म्हणणाऱ्या घरांत नेमकं हेच घडतं, आणि ‘बघा, गोळीनेच बिघडलं’ म्हणून दोषही गोळीलाच दिला जातो.

गोळी गिळता येत नसेल तर कातडीवर लावायच्या पट्ट्या देतात. फेंटानिलची पट्टी 72 तासांनी बदलायची, ब्यूप्रेनॉर्फिनची सात दिवसांनी. पट्टी काढल्यावर खाली तिच्या आकाराचा तांबूस चौकोन दिसतो. दिवसभरात तो फिकट झाला तर काळजी नाही. तो खाजत राहिला, पट्टीच्या कडेबाहेर पसरला, त्यावर बारीक पाण्याचे फोड आले, तर गोंदाची किंवा ब्यूप्रेनॉर्फिनची स्वतःची संपर्कजन्य ॲलर्जी असू शकते. ही खरी ॲलर्जी, आणि ती फाइलवर जरूर लिहावी, पण ‘पट्टीची’ म्हणून. तोंडाने घ्यायचं मॉर्फीन तिच्यामुळे बाद होत नाही.

पट्टीचा बराचसा त्रास ती लावण्याच्या पद्धतीतून येतो. जागा साध्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करावी. साबण, पावडर, तेल काही नको. केस असतील तर कात्रीने कापावे, वस्तरा फिरवू नये, कारण वस्तऱ्याने कातडी सोलवटते आणि औषध जास्त शोषलं जातं. पट्टी लावून तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरावी. दर वेळी जागा बदलावी. ब्यूप्रेनॉर्फिनच्या बाबतीत तर तीच जागा पुन्हा तीन आठवडे वापरू नये. आणि उष्णता टाळावी, अगदी कटाक्षाने. तेल चोळून कढत पाण्याने अंघोळ करायची पद्धत आपल्याकडेही आहे आणि म्हैसूरकडेही. पट्टी लावलेल्या माणसाला ते चालत नाही. पाठ दुखते म्हणून पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवली, किंवा अंगात सणसणून ताप असला, तर औषध भराभर रक्तात जातं. पेशंट उठवल्याशिवाय उठत नाही, श्वास संथ पडतो, आणि कातडीच्या प्रश्नाचा जिवाचा प्रश्न होतो. वापरलेली पट्टीही रिकामी नसते. चिकट बाजू आत दुमडून ती लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकायची.

आता ज्यात थांबायचं नाही, ती लक्षणं. गांधींबरोबर ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, श्वासाला घरघर, चक्कर येऊन कोसळणं. ताप येऊन अंगभर लाल कातडीवर शेकडो बारीक पांढरे पुवाचे ठिपके उठणं, कोडीन आणि मॉर्फीननेही क्वचित असं झाल्याच्या नोंदी आहेत. तोंडात किंवा डोळ्यांत फोड, कातडी सोलून निघणं. हे दुर्मीळ आहे. पण झालं तर पुढचा डोस न देता गाडी काढून थेट रुग्णालय गाठायचं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण आपल्या त्वचारोगतज्ज्ञांनी ती खूप पाहिली आहे. पेंटाझोसीन हे दुखण्यावरचं ओपिऑइड इंजेक्शन आपल्या दवाखान्यांत वर्षानुवर्षं सर्रास वापरलं गेलं. पाठदुखी किंवा पोटदुखीवर सुरू झालेलं इंजेक्शन काहींना सुटलं नाही, आणि त्यांत दवाखान्यातच काम करणारेही होते. हे औषध स्नायूत आणि कातडीखाली क्षोभ घडवतं. पुन्हा पुन्हा टोचलेली मांडी लाकडासारखी कडक होते, कातडी काळपट पडते, मधोमध खोल, कडा तासल्यासारख्या जखमा होतात आणि महिनोन्‌महिने भरत नाहीत. माणूस लाजेने कारण सांगत नाही आणि डॉक्टर मधुमेह, क्षयरोग शोधत बसतात. घरात कुणाच्या मांडीवर, दंडावर अशा जखमा दिसल्या तर रागावण्याआधी त्याला त्वचेच्या आणि व्यसनमुक्तीच्या अशा दोन्ही डॉक्टरांकडे न्यावं. इंजेक्शन थांबल्याशिवाय कुठलंही मलम काम करत नाही.

पुन्हा त्या फाइलकडे. ‘मॉर्फीन ॲलर्जी’ या दोन शब्दांच्या जागी घरच्यांनी जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं, तर पुढच्या डॉक्टरला, मग तो म्हैसूरचा असो की मिरजेचा, खरं ते कळतं. वहीच्या पानावर साधं लिहून ठेवलं तरी पुरे: कुठली गोळी, किती मिलिग्रॅम, किती वाजता. खाज किती वेळाने सुरू झाली आणि कुठे. गांधी होत्या का. मोबाइलवर फोटो काढला असेल तर उत्तम. श्वास, ओठ, आवाज ठीक होते का. बरोबर आणखी कुठली औषधं चालू होती. किती दिवसांत कमी झाली, आणि तोवर दुखणं थांबलं होतं का. हा शेवटचा प्रश्न कुणी विचारला नाही तरी त्याचं उत्तर स्वतःहून सांगावं.